डोंगर शिकवायचा राहून गेला

प्रति,
मा. मुख्य प्रशिक्षक,
महाराष्ट्रातील सर्व विमानचालन प्रशिक्षण संस्था



मी बेलापूरला, प्रवरेच्या काठी राहतो. ऊस हा माझा व्यवसाय आणि खासगी वैमानिकाचा परवाना ही जुनी हौस. १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीचं विमानतळ सुरू झालं आणि आमच्या श्रीरामपूर, राहाता, राहुरी भागातली पोरं आभाळाकडे वेगळ्या नजरेनं बघू लागली. त्यांचे आईवडील माझ्याकडे चौकशीला येतात. फी पन्नास लाखांच्या घरात जाते हे ऐकून कुणी गप्प बसतं, कुणी जमीन तारण ठेवायची भाषा करतं. नोकरी लागेल का, कर्ज कोण देईल, डोळ्यांना चष्मा असला तर चालतं का, असे त्यांचे प्रश्न. एक प्रश्न मात्र त्यांच्या तोंडी कधी येत नाही, आणि तो त्यांना सुचावा अशी अपेक्षाही नाही. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीचं विमान घेऊन आपलं मूल डोंगराकडे जाईल, तेव्हा डोंगरावर विमान कसं न्यायचं हे त्याला कुणी शिकवलेलं असेल का? हा प्रश्न त्यांच्या वतीनं मी तुम्हाला विचारतो आहे, आणि जाहीर विचारतो आहे, कारण खासगीत विचारला की उत्तर नेहमी एकच मिळतं : अभ्यासक्रमात आहे तेवढं आम्ही शिकवतो.

अभ्यासक्रमात काय आहे ते तुम्ही जाणताच, पण हे पत्र पालकही वाचतील म्हणून लिहितो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात १०० तास विमानाचा मुख्य वैमानिक म्हणून, २० तास गावाहून गावाला जाणारं उड्डाण, त्यातलं एक किमान ३०० सागरी मैलांचं, १० तास फक्त उपकरणं बघून, ५ तास रात्रीचे. डोंगराचा एकही तास यात नाही. हवामानशास्त्राच्या पेपरात डोंगरलाटा, म्हणजे डोंगर ओलांडताना हवेत उठणाऱ्या लाटा, आहेत, मुलं त्या पाठ करतात आणि पास होतात. लॉगबुकात त्यांचा मागमूस नसतो. प्रशिक्षकाला शेजारी बसवून, वाऱ्याच्या दिवशी, खऱ्या कड्याच्या आडोशाला विमान कसं खाली बसतं हे एकदाही न अनुभवता आपल्याकडचा मुलगा परवानाधारक होऊ शकतो. मीही तसाच झालो. मला शिकवणारे प्रशिक्षक मनापासून शिकवत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. पण त्यांनाही हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

महाराष्ट्रातल्या प्रशिक्षणाच्या धावपट्ट्या सपाटीवर आहेत. बारामती, धुळे, जळगाव, शिरपूर, गोंदियाची बिरसी. म्हणून आपण मैदानी उड्डाणच शिकवतो असा समज झाला असावा. पण धुळे-शिरपूरहून उत्तरेला वळलं की सातपुडा येतो, बिरसीहून बालाघाटचे डोंगर काही मिनिटांवर आहेत, आणि सह्याद्रीच्या रांगा नगर, पुणे, साताऱ्यात पूर्वेकडे किती आत शिरलेल्या आहेत हे नकाशा उघडला की दिसतं. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरचं दोन आसनी प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले, प्रशिक्षणार्थी मुलगी गंभीर जखमी झाली. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेलं विमान बालाघाट जिल्ह्यात किरणापूरच्या बाजूच्या डोंगराळ जंगलात पडलं, त्यात प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघंही गेले. या अपघातांची कारणं ठरवणं विमान अपघात अन्वेषण विभागाचं काम आहे, मी त्यात पडत नाही. माझं म्हणणं इतकंच की आपली विमानं डोंगरात जातात. ती तिथे जातच नाहीत असं धरून चालणारं प्रशिक्षण मला मान्य नाही.

आता इंजिनाबद्दल. सेसना १५२ ही आपल्याकडे अनेकांची पहिली विमानशाळा. ११० अश्वशक्ती, भरल्या वजनाला ७५७ किलो. पुस्तकात लिहिलेला चढ मिनिटाला ७१५ फूट, पण तो समुद्रसपाटीला आणि १५ अंश तापमानाला. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर जातो. शिर्डीसारखी १९०० फुटांवरची धावपट्टी घ्या. त्या उन्हात हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ती धावपट्टी साडेपाच हजार फुटांवर गेलेली असते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. आता कळसूबाई ओलांडायचं ठरवा. शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. वर हजार फुटांची मोकळीक ठेवली तर ६४०० फूट. मे महिन्याच्या दुपारी त्या उंचीवरची हवा नऊ हजार फुटांच्या वरची म्हणून वागते. इंजिनाची पाव ताकद गेलेली असते आणि चढ उरतो मिनिटाला अडीचशे फुटांच्या आसपास, तोही इंजिन नव्यासारखं असेल आणि चालवणाऱ्यानं इंधन-हवेचं मिश्रण नीट पातळ केलं असेल तर. डोंगराच्या आडोशाला पाचशे फुटांचा उतरता वारा ही काही वादळी गोष्ट नव्हे. म्हणजे पूर्ण थ्रॉटल, नाक वर, चढायचा नेमका वेग धरलेला, आणि तरीही विमान मिनिटाला अडीचशे फूट खाली चाललंय. उंचीमापकाचा काटा उलटा फिरताना पहिल्यांदा बघायची वेळ एकट्यावर येऊ नये. शेजारी तुम्ही असताना यावी.

हे गणित विद्यार्थ्याकडून प्रत्येक लांबच्या उड्डाणाआधी, त्या दिवसाच्या तापमानावर, कागदावर करून घ्या. बऱ्याच ठिकाणी ते परीक्षेपुरतं होतं. उड्डाणाच्या सकाळी वजन आणि इंधनाचा हिशेब झाला की चावी हातात मिळते.

वाऱ्याकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. पावसाळ्यात नाणेघाटातला उलटा धबधबा बघायला अर्धा महाराष्ट्र लोटतो. कोकणातून आलेला पश्चिमेचा वारा कड्यावर आदळतो, त्याला वर जाण्याखेरीज वाट नसते, आणि तो पाण्यालाही सोबत उचलून नेतो. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओ आहे. तुमच्या विद्यार्थ्यांच्याही असेल. पण तोच वारा माथा ओलांडून पलीकडे गेला की त्याचं काय होतं हे त्यांना कुणी सांगितलं आहे का? ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेचं पाणी पडतं तेव्हा वरची धार काचेसारखी दिसते आणि खाली पायथ्याला पाणी घुसळत, उलट फिरत राहतं. हवाही तशीच पडते, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. जिकडून वारा येतो त्या अंगाला विमान फुकट उचललं जातं आणि पलीकडच्या अंगाला ते दाबलं जातं. हडपसरला ग्लायडिंग शिकलेल्या माणसाला हे अंगात मुरलेलं असतं, कारण त्याच्याकडे इंजिनच नसतं. शंभर अश्वशक्तीच्या वैमानिकाला मात्र वाटतं की आपल्याकडे इंजिन आहे.

यात दिशेचा एक सापळा आहे आणि तो आमच्याच खोऱ्यात उत्तम दिसतो. बेलापूरहून प्रवरेवर विमान धरा आणि नदीच्या उगमाकडे, पश्चिमेला चला. संगमनेरपर्यंत सगळं सोपं. खाली ऊस, कालवे, पत्र्याची घरं. अकोल्यानंतर दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात, पण इतके हळू की ते जाणवत नाही. खालची जमीनही हळूहळू वर येत असते. तुमचा उंचीमापक तोच आकडा दाखवतो आणि जमिनीपासूनचं अंतर मात्र कमी होत जातं. राजूर मागे पडलं की उजव्या हाताला कळसूबाईची रांग, डाव्या हाताला पाबरगड, घनचक्कर, खाली भंडारदऱ्याचं पाणी आणि समोर रतनगड. नजरेला क्षितिज उरत नाही. समोरचा चढता उतार हेच क्षितिज वाटायला लागतं, त्याच्याशी नाक जुळवताना हात आपोआप मागे येतो आणि वेग गळतो. आणि वारा पश्चिमेचा असेल तर या सगळ्या वेळात तो रतनगडाच्या माथ्यावरून उतरत तुमच्या तोंडावर येत असतो. जमीन वर येतेय, हवा खाली जातेय, वेग कमी होतोय, आणि ढग नसलेला सुंदर दिवस आहे. तुमच्या विद्यार्थ्याला यातलं कितवं लक्षण ओळखता येईल? उलट दिशेनं, घाटाकडून सपाटीकडे येणाऱ्याला हाच वारा पाठीशी असतो आणि जमीन खाली खाली जात असते. एकच खोरं, एकच दिवस, पण नकाशावरची रेघ दोन्ही वेळा सारखीच दिसते.

अशा खोऱ्यात शिरण्याआधी काय करायचं हे जगभरचे डोंगरी वैमानिक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. खोऱ्याच्या मधोमध जायचं नाही, वाऱ्याला सामोऱ्या, वर उचलणाऱ्या उताराच्या बाजूनं जायचं, म्हणजे वळायला पुरी रुंदी समोर मोकळी राहते. धार सरळ काटकोनात न ओलांडता ४५ अंशांत जवळ जायचं, म्हणजे विमान दबायला लागलं तर थोडं वळून सपाटीकडे सुटता येतं. आणि वळायला जागा किती लागते याचा आकडा तोंडपाठ हवा. ताशी ७० नॉटला ३० अंश कलवलं तर पूर्ण फिरायला साधारण ४६० मीटर रुंदी लागते. १०० नॉटला तेवढंच कलवलं तर ९०० मीटरच्या वर. घाबरलेला माणूस वेग वाढवतो आणि आपलं वळण स्वतःच दुप्पट करून घेतो. आधी वेग आटोक्यात, मग वळण, हा क्रम हाताला बसायला हवा, आणि तो वर्गातल्या फळ्यावर बसत नाही. माझी पहिली विनंती म्हणूनच ही आहे : प्रत्येक विद्यार्थ्याला एकट्यानं लांब सोडण्याआधी प्रशिक्षकासह किमान काही तास खऱ्या डोंगरावर द्या. भरपूर उंची राखून, वारा बेताचा असताना, सुटायची वाट आधी ठरवून. न्यूझीलंडनं डोंगरावरचं उड्डाण परवान्याच्या प्रशिक्षणातच घेतलं आहे. युरोपात डोंगरातल्या ठरावीक धावपट्ट्यांवर उतरायला वेगळी पात्रता लागते. तिथले डोंगर मोठे आहेत म्हणून, असं म्हणाल तर उत्तर वर दिलेल्या आकड्यांत आहे. आपला उन्हाळा आपल्या लहान डोंगरांना मोठं करतो.

ढगांचंही तसंच आहे. आमच्या बेलापुरात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात, त्याच नदीच्या वरच्या टोकाला घाटघर-रतनवाडीत तो हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. जुलैत इथे ऊन पडलेलं असताना तिकडे डोंगर ढगात गाडलेले असतात. सपाटीच्या विमानतळाचा हवामान अहवाल खरा असतो, पण तो तिथल्याच आभाळाचा असतो. वाटेतल्या घाटात फोन करून विचारायची पद्धत का नाही? भंडारदऱ्याचा दुकानदार, धरणावरचा कर्मचारी, राजूरचा एसटीचा माणूस कुठला डोंगर दिसतोय आणि कुठला नाही हे अर्ध्या मिनिटात सांगेल. आणि ओल्या हवेतल्या कार्ब्युरेटरबद्दल बोला. वीस अंश तापमानाला आत बर्फ धरू शकतो यावर नव्या मुलाचा विश्वास बसत नाही. घाटमाथ्यावरची पावसाळी हवा ही त्याला नेमकी अनुकूल. इंजिन हळूहळू दम सोडतं, आणि ज्या विमानाला दम मुळातच कमी त्याला ते परवडत नाही.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कर्नल साइक्स यानं गोल इंद्रधनुष्य पाहिल्याचं सांगतात. आम्हा वैमानिकांना ते विमानाच्या सावलीभोवती ढगावर दिसतं, आणि दिसतं तेव्हा मन हरखून जातं. विद्यार्थ्याला ते जरूर दाखवा, आणि त्याच क्षणी विचारा की या ढगाखाली डोंगर किती उंच आहे आणि तू कुठे आहेस. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर अंधारात, अलितालियाचं चार इंजिनांचं जेट जुन्नरजवळ दावंड्याच्या डोंगरावर आदळलं, ९४ माणसं गेली. मुंबई जवळ आली असं समजून ते वेळेआधी खाली उतरलं होतं. ताकदीची तिथे काहीच कमतरता नव्हती. आपण नेमके कुठे आहोत याची खात्री होईपर्यंत सुरक्षित उंची सोडायची नाही, हा धडा जुन्नरच्या डोंगरानं शिकवला आहे आणि जुन्नर आपल्या घरचं आहे. तुमच्या वर्गात या अपघाताचं नाव निघतं का?

काही जण म्हणतील, पूर्वी तर याहून साधी विमानं होती. होतीच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला पस मॉथ विमानातून टपाल आणलं, आणि पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ते घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. सव्वाशेच्या आसपास अश्वशक्ती, रेडिओ नाही, आणि वाटेत सह्याद्री. पण व्हिन्सेंट अनुभवी लष्करी वैमानिक होते. आपण ज्याला पाठवतो तो बावीस वर्षांचा, घरच्यांच्या कर्जाचा भार घेतलेला मुलगा असतो.

आणि हा भार कॉकपिटमध्ये त्याच्या शेजारी बसलेला असतो, हे मला तुमच्यापाशी फार कळकळीनं सांगायचं आहे. समोर ढग दिसला, वारा दाबतोय असं वाटलं, तर परत फिरणं हा वैमानिकाचा सगळ्यात मोलाचा निर्णय. आपल्याकडे परत फिरलेल्याचे तास मोजले जातात पण उड्डाण पूर्ण धरलं जात नाही, ते पुन्हा करावं लागतं, त्याचे पैसे पुन्हा भरावे लागतात, आणि वर विमान कधी मोकळं मिळेल त्याची वाट बघायची. एका पालकानं मला संस्थेची पावती दाखवली. मुलगी हवामान बिघडलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली होती, आणि त्याच मार्गाच्या दुसऱ्या उड्डाणाचं पूर्ण शुल्क आकारलं होतं. नियमानुसार ते योग्य असेल. पण पुढच्या वेळी त्या मुलीला परत फिरताना घरच्यांचा चेहरा आठवेल आणि ती पाच मिनिटं आणखी पुढे जाऊन बघेल. त्या पाच मिनिटांचा हिशेब कुठल्या पावतीवर येणार? हवामानामुळे परत आलेलं उड्डाण पुन्हा करायला शुल्क घेऊ नका, निदान अर्धं घ्या. आणि संध्याकाळी सगळ्या तुकडीसमोर त्या मुलीला विचारा की तिला काय दिसलं, कुठे दिसलं, तिनं वळायचं कधी ठरवलं. बाकीच्यांना त्यातून जे मिळेल ते पुस्तकात नाही.

अपघातांचे अहवाल हा वेगळा विषय, थोडक्यात लिहितो. अन्वेषण विभागाचे अंतिम अहवाल जाहीर होतात, ते इंग्रजीत आणि घटनेनंतर बऱ्याच काळानं येतात. तोपर्यंत ती तुकडी बाहेर पडलेली असते. अहवाल येताच तो वर्गात ओळ न् ओळ वाचला जावा. संस्थेचं नाव खराब होईल या भीतीनं विषय टाळला, तर पुढच्या मुलाला त्याचा उपयोग शून्य. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयालाही याच पत्रातून विनंती की डोंगरावरच्या प्रशिक्षणाचे किमान तास व्यावसायिक परवान्याच्या अटींत घाला. संस्था एकमेकींशी फीवर स्पर्धा करतात. एकट्यादुकट्यानं तास वाढवले तर त्याची फी वाढते आणि विद्यार्थी दुसरीकडे जातो. सगळ्यांना एकच अट असली की ही अडचण राहत नाही.

शेवटची गोष्ट खालच्या माणसांची. वर्डीच्या अपघातात जखमी मुलीला झोळी करून डोंगरातून खाली आणलं ते आसपासच्या आदिवासींनी. तिथे रुग्णवाहिका पोचणार नव्हती. ज्या गावांच्या डोक्यावरून तुमची विमानं रोज जातात त्यांना तुमचा एक फोन नंबरही माहीत नसतो. विमान पडलं तर इंधन गळत असतं, जवळ विडी-काडी पेटवायची नाही. माणसाची मान न हलवता, फळीवर घेऊन काढायचं. गर्दीला लांब ठेवायचं आणि अमुक नंबरवर कळवायचं. एवढा मजकूर एका पानात, मराठीत, आणि जिथे गरज तिथे पावरी-भिलीत छापून ग्रामपंचायतीत लावायला किती खर्च येतो? वर्षातून एकदा प्रशिक्षकानं त्या गावात जाऊन बसावं. गावकरी त्याला आपल्या डोंगरावरचा वारा कुठल्या महिन्यात कसा फिरतो ते सांगतील, आणि ती माहिती कुठल्याही चार्टवर छापलेली नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे यातलं काही आधीपासून होत असेल त्यांनी ते कसं करता हे कृपया जाहीर लिहावं, म्हणजे पालकांना विचारायला एक प्रश्न मिळेल आणि इतर संस्थांना नमुना. पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा निवळते, वारा बदलतो, डोंगर स्वच्छ दिसतात. प्रशिक्षकासह पहिली तुकडी प्रवरेच्या खोऱ्यावरून न्यायचं ठरवलंत, तर आधी कळवा. संगमनेरपासून रतनवाडीपर्यंतच्या गावांशी बोलायचं, सकाळी वर काय दिसतंय ते विचारून तुम्हाला सांगायचं आणि गरज पडली तर रस्त्यानं पोचायचं काम आम्ही बेलापूरकर करू.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
एक शेतकरी आणि खासगी वैमानिक
बेलापूर, ता. श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर